छोटे लाकडी फर्निचर : मापापासून पॉलिशपर्यंत

घरातील पसाऱ्याचा दोष बहुधा घरातील माणसांच्या आळसावर ठेवला जातो. प्रत्यक्षात पसारा होतो तो वस्तूंना ठरलेली जागा नसल्यामुळे. ज्या वस्तूला स्वतःची जागा नाही, ती जमिनीवर, खुर्चीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसते आणि तेथेच राहते. दारातील चपलांचा ढीग, जेवणाच्या टेबलावर साचलेली वर्तमानपत्रे, ओट्याच्या कोपऱ्यातील मसाल्याच्या बरण्या ही याचीच रूपे. मोठे कपाट आणून हा प्रश्न सुटत नाही; कारण मोठ्या कपाटात छोट्या वस्तू हरवतात आणि छोट्या घरात मोठे कपाट मावत नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे नेमक्या कामासाठी, नेमक्या मापाचे छोटे लाकडी फर्निचर. पाट, चौरंग, बाक, भिंतीवरील मांडणी, बरण्यांचे फडताळ, लिहिण्याचे उतरते डेस्क अशा वस्तू हाताने बनवता येतात आणि त्यांना लागणारे लाकूडही थोडे असते. शहरात ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला तर त्यांचा विशेष उपयोग आहे. भिंतीत ठोकून बसवलेले फर्निचर घर सोडताना मागे ठेवावे लागते. दोन हातांनी उचलता येणारा बाक मात्र नव्या घरी बरोबर येतो.

जुन्या घरातील व्यवस्था

आपल्याकडील जुन्या घरांत फर्निचर फारसे नव्हते, पण वस्तूंची जागा पक्की होती. भिंतीतील कोनाडा दिव्यासाठी, लाकडी खुंट्या पागोटे, उपरणे आणि पिशव्यांसाठी, भिंतीच्या जाडीत बसवलेले फडताळ रोजच्या जिनसांसाठी, मांडणी भांड्यांसाठी आणि पेटारा ठेवणीतील कपड्यांसाठी. पाट जेवण झाले की भिंतीला उभे टेकवून ठेवले जात, त्यामुळे जेवणघर क्षणात मोकळे होई. दिवसा एका कामाला आणि रात्री दुसऱ्या कामाला येणारी खोली हा आजच्या लहान सदनिकेचा शोध नव्हे.

या वस्तू गावातला सुतार बनवीत असे. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान होते आणि नांगरापासून पाळण्यापर्यंत सारी लाकडी कामे त्याच्याकडे असत. कोकणात सावंतवाडीने या कामाला रंगांची जोड दिली. तेथील लाकडी खेळणी आणि गंजिफा प्रसिद्ध आहेतच, पण रंगवलेले पाट आणि चौरंग ही त्याच कारागिरांची घरगुती उपयोगाची निर्मिती होय.

चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्या मागे या अहवालाची प्रेरणा होती. त्यात त्यांनी उत्तम रचनेचे उदाहरण म्हणून आपल्या साध्या लोट्याची निवड केली आणि लोटा घडवताना किती गोष्टींचा विचार करावा लागेल याची यादीच दिली. किती पाणी मावावे, ते कसे ओतले जावे, डोक्यावर, कमरेवर आणि हातात तो कसा धरला जावा, आतून कसा धुता यावा, असे ते प्रश्न आहेत. छोटे फर्निचर आखणाऱ्याने हाच मार्ग धरावा. आरंभ लाकडापासून न करता वापरापासून करावा.

आधी वस्तू मोजाव्यात

प्रथम आठवडाभर घराचे निरीक्षण करावे. कोणत्या वस्तू जागेवर परत जात नाहीत, त्या कोठे साचतात आणि त्या वस्तू वापरणारी व्यक्ती किती उंचीची आहे, हे कागदावर लिहावे. वस्तू जेथे साचते, तेथेच बहुधा तिची स्वाभाविक जागा असते. चपला दाराशी साचतात, म्हणून त्यांची सोय दाराशीच हवी. ती बाल्कनीत केली तर चपला पुन्हा दाराशीच दिसतील.

त्यानंतर वस्तूंची मापे घ्यावीत. पुस्तकांचे उदाहरण घेऊ. मराठी पुस्तके बहुधा डेमी किंवा क्राउन आकारात निघतात. डेमी आकाराचे पुस्तक सुमारे २२ सेंटीमीटर उंच आणि १४ सेंटीमीटर रुंद असते. त्यासाठी २५ सेंटीमीटर उंचीचा आणि १८ सेंटीमीटर खोलीचा कप्पा पुरतो. ए-४ आकाराच्या फायलींना मात्र ३३ सेंटीमीटर उंची लागते. सगळेच कप्पे ३३ सेंटीमीटरचे केले, तर डेमी पुस्तकांवर उरलेल्या जागेत आडवी पुस्तके शिरतात आणि मांडणीची घडी बिघडते. कप्प्याची उंची ठरवताना वस्तूच्या उंचीत हात आत जाण्यापुरते ३ ते ४ सेंटीमीटर मिळवावेत, अधिक नको.

बरण्यांच्या फडताळाची खोली एका बरणीएवढीच असावी. १० सेंटीमीटर व्यासाच्या बरण्यांना १२ सेंटीमीटर खोली पुरते. एकामागे एक दोन रांगा झाल्या की मागची रांग विसरली जाते आणि घरात एकच मसाला तीन वेळा येतो. इतके उथळ फडताळ स्वयंपाकघराच्या दारामागेही मावते.

बसण्याच्या वस्तूंचे माप गुडघ्यावरून ठरते. प्रौढ व्यक्तीसाठी ४० ते ४५ सेंटीमीटर उंची सोयीची असते. ज्येष्ठांसाठी बाक करावयाचा असेल, तर उंची या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवावी; कारण फार खाली बसल्यावर उठताना गुडघ्यांवर भार येतो.

फळी किती लांब असावी, यालाही शास्त्र आहे. पुस्तकांनी भरलेल्या एक फूट फळीवर ७ ते १० किलो भार सहज येतो. पूर्ण लांबीवर सारखा भार असलेली फळी मधोमध वाकते, तेव्हा लांबी दुप्पट केली की वाक सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली की तो एक अष्टमांशावर येतो. म्हणून १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या फळीवर पुस्तके ठेवायची असतील, तर आधारांतील अंतर ६० ते ७५ सेंटीमीटरहून वाढवू नये. एक लांब आणि देखणी फळी वर्षभरात झोळीसारखी होते, त्यामागचे कारण हेच.

लाकडाची निवड

घरगुती फर्निचरसाठी सागाला तोड नाही. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, ऋतुमानाप्रमाणे ते कमी हलते आणि रंध्याखाली चांगले चालते. महाराष्ट्रात चंद्रपूर, बल्लारपूर आणि आलापल्लीच्या जंगलांतील साग नावाजलेला आहे. वखारीत तो अजूनही ‘सीपी साग’ म्हणून ओळखला जातो. हे नाव पूर्वीच्या मध्य प्रांतावरून आले. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच भागातून सागवान पाठवण्यात आले होते. ब्रह्मदेशी सागाचा दबदबा मोठा होता, परंतु म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली.

साग घेतानाही पारख हवी. खोडाच्या मध्यभागातील गडद तपकिरी भाग म्हणजे मध्यकाष्ठ. टिकाऊपणा असतो तो यात. त्याभोवतीचा फिकट पिवळसर भाग म्हणजे रसकाष्ठ. ते भुंग्याला आणि वाळवीला बळी पडते. सागाच्या नावाखाली रसकाष्ठ अधिक असलेली फळी घेतली, तर सागाची किंमत मोजून साग न घेतल्यासारखेच होते.

इतर लाकडेही उपयोगी आहेत. शिवण वजनाला हलकी, स्थिर आणि कामाला सोपी असते. फणसाचे पिवळे लाकूड कोकणात दारांपासून पाटांपर्यंत वापरले जाते आणि कालांतराने त्याला सुरेख तपकिरी छटा येते. बाभूळ अतिशय कठीण असते. बैलगाड्यांत तिचा उपयोग होई तो याच कारणाने, मात्र हाताच्या हत्यारांनी ती दमवते. आंब्याचे लाकूड स्वस्त आहे, पण त्याला किडीपासून संरक्षण द्यावे लागते. केरळातून येणारे रबराचे लाकूड बोरॉनची प्रक्रिया केलेलेच घ्यावे. शिसव देखणे आणि जड असते. तथापि त्याच्या संपूर्ण प्रजातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, म्हणून जुन्या शिसवी वस्तूचे लाकूड मिळाले तर ते जपून वापरावे.

जुन्या लाकडाचा पर्याय आवर्जून विचारात घ्यावा. वाडे आणि चाळी पाडल्या जातात, तेव्हा त्यांतील तुळया, चौकटी आणि दारे जुन्या लाकडाच्या वखारींत येतात. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते. कापण्यापूर्वी त्यावर लोहचुंबक फिरवून आतील खिळे शोधावेत. एक दडलेला खिळा करवतीचे दात आणि रंध्याचे पाते दोन्ही खराब करतो.

प्लायवूडचे तक्ते ८ फूट बाय ४ फूट आकारात मिळतात. मांडणीच्या पाठीसाठी आणि ड्रॉवरच्या तळासाठी ते लाकडाहून अधिक योग्य असतात. घरातील कोरड्या जागेसाठी आयएस ३०३ या मानकाचे आणि सतत पाणी लागणाऱ्या जागेसाठी आयएस ७१० मानकाचे प्लायवूड घ्यावे. भुशाच्या दाबलेल्या तक्त्यांचे तयार फर्निचर स्वस्त पडते. परंतु त्याच्या कडांतून पाणी शिरले की तक्ता फुगतो आणि फुगलेला तक्ता वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. एकदा निघालेला स्क्रूही त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. जेथे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि पावसाळा चार महिने असतो, तेथे जमिनीला टेकणाऱ्या वस्तूसाठी तो टाळणेच बरे.

लाकूड घनफुटावर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. ६ फूट लांब, ६ इंच रुंद आणि १ इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. हे गणित येत असले की वखारीत फसगत होत नाही.

पावसाळा, उन्हाळा आणि फळीची रुंदी

लाकूड कापून वाळवल्यानंतरही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातील पाण्याचे प्रमाण कालांतराने १८ टक्क्यांजवळ जाते. आर्द्रता ३० टक्के झाली की ते ६ टक्क्यांपर्यंत उतरते. या चढउतारात लाकूड फुगते आणि आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत बदल नगण्य असतो. रुंदीत तो जाणवतो आणि फळी खोडातून कशी कापली आहे यावर त्याचे प्रमाण ठरते. वार्षिक वलयांना स्पर्शून कापलेली फळी, खोडाच्या केंद्रापासून सालीकडे कापलेल्या फळीच्या जवळजवळ दुप्पट हलते.

सागासारख्या स्थिर लाकडाची स्पर्शून कापलेली ३० सेंटीमीटर रुंद फळीसुद्धा पाण्याच्या प्रमाणात ६ टक्क्यांचा फरक पडला की सुमारे ३ मिलिमीटरने बदलते. कोकणातील पावसाळ्यात बनवलेली वस्तू नागपूरच्या उन्हाळ्यात नेली, तर हा बदल दुप्पट होऊ शकतो. लाकडाला ही हालचाल करू न देता चारही बाजूंनी खिळून टाकले की फळी कोठेतरी तडकते. घरातील अनेक चौरंगांच्या आणि देव्हाऱ्यांच्या मधोमध दिसणारी सरळ चीर लाकडाच्या वाईटपणाची खूण नसते. रचना करताना ऋतूंचा विचार झाला नाही, इतकाच तिचा अर्थ असतो.

जुने कारागीर हे जाणून होते. चांगल्या पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या फळीतील खाचेत सरकवून बसवलेल्या असतात. त्या फळीला वाकू देत नाहीत, पण रुंदीत हलू देतात. त्याच पट्ट्या खिळ्यांनी आणि सरसाने पक्क्या केल्या की एक-दोन उन्हाळ्यांत पाट उलतो. दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे.

म्हणून लाकूड आणल्यावर लगेच कामाला घेऊ नये. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रीतीने, ज्या घरात वस्तू राहणार त्याच घरात त्या दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. लाकूड ओले असेल तर हा काळ बराच वाढवावा लागतो.

सांधे आणि हत्यारे

फर्निचरचे आयुष्य सांध्यावर अवलंबून असते. खिळा लाकडाच्या टोकाच्या तंतूंत नीट धरत नाही, म्हणून केवळ खिळ्यांनी जोडलेले स्टूल काही महिन्यांत डुलू लागते. सर्वांत भरवशाचा सांधा कुसवाचा. एका लाकडाच्या टोकाला काढलेली चौकोनी जीभ म्हणजे कुसू; ते दुसऱ्या लाकडात कोरलेल्या खोबणीत बसते. कुसवाची जाडी त्या लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी आणि ती आपल्याजवळील पटाशीच्या रुंदीशी जुळवावी, म्हणजे खोबणी एका पटाशीत सरळ कोरली जाते. कुसू हाताच्या दाबाने आत गेले पाहिजे. ते मोगरीने ठोकावे लागले, तर पाय फुटतो. आपोआप सरकले, तर सांधा सरसाच्या भरवशावर राहतो.

ड्रॉवर आणि पेट्यांच्या कोपऱ्यांना पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे दाते काढून जोड देतात. ओढण्याच्या दिशेने हा सांधा निघूच शकत नाही. तो साधण्यासाठी सराव लागतो, म्हणून आरंभी बाक किंवा स्टूल करावे आणि ड्रॉवरकडे नंतर वळावे.

हत्यारे थोडी पण चांगली असावीत. बारीक दातांची करवत, मध्यम आकाराचा रंधा, ६, १२ आणि २० मिलिमीटरच्या तीन पटाशा, गुण्या, मार्किंग गेज, लाकडी मोगरी, भोके पाडण्यासाठी गिरमिट किंवा ड्रिल, चार शिकंजे आणि धारेचा दगड एवढ्यांत या लेखातील सर्व कामे होतात. यांपैकी धारेच्या दगडाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली पटाशी निसटून हाताला लागते. धार असलेले हत्यार म्हणूनच अधिक सुरक्षित असते. खूण पेन्सिलीपेक्षा धारदार चाकूने करावी; त्या रेघेत पटाशी आपोआप बसते.

उदाहरण : दाराजवळचा चपलांचा बाक

आतापर्यंतचे सारे विचार एका वस्तूत कसे उतरतात ते पाहू. चार माणसांच्या घरात दाराशी रोजच्या वापरातील आठ जोड असतात. बसून बूट घालता यावेत, ओल्या चपलांना वारा लागावा आणि खालून झाडू फिरावा, अशा तीन अपेक्षा आहेत. एका जोडाला सुमारे २० सेंटीमीटर रुंदी लागते. चार जोडांना ८० सेंटीमीटर. दोन कप्पे केले की आठ जोड मावतात. पायांची जाडी धरून बाकाची लांबी ९० सेंटीमीटर, खोली ३२ सेंटीमीटर आणि उंची ४४ सेंटीमीटर ठरते.

लागणारे भाग असे. पाय ४ नग, ४२ सेंटीमीटर लांब आणि ४ बाय ४ सेंटीमीटर जाडीचे. बैठकीखालील लांब पट्ट्या २, प्रत्येकी ८६ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद व २ सेंटीमीटर जाड. मागील बाजूची आधारपट्टी १, लांबी ८६, रुंदी ४ व जाडी २ सेंटीमीटर. दोन्ही टोकांना पुढचा-मागचा पाय जोडणाऱ्या आखूड पट्ट्या ६, प्रत्येकी २८ सेंटीमीटर लांब व २ सेंटीमीटर जाड. यांतील वरच्या दोन ५ सेंटीमीटर रुंद, उरलेल्या चार ४ सेंटीमीटर रुंद. लांब पट्ट्यांना मधोमध जोडणारी पट्टी १, लांबी २८, रुंदी ४ व जाडी २ सेंटीमीटर. कप्प्यांच्या पट्ट्या ६, प्रत्येकी ९० सेंटीमीटर लांब, ६ सेंटीमीटर रुंद व २ सेंटीमीटर जाड. बैठकीच्या फळ्या ३, प्रत्येकी ९० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद व २ सेंटीमीटर जाड.

पायांना जोडणाऱ्या सर्व पट्ट्यांच्या लांबीत दोन्ही टोकांची २-२ सेंटीमीटरची कुसवे धरली आहेत. मधल्या पट्टीची कुसवे मात्र १-१ सेंटीमीटरचीच आहेत. या सर्व भागांचे मिळून घनफळ सुमारे ०.६६ घनफूट होते. रंध्याची तासणी, गाठी आणि तुकडे लक्षात घेऊन १ घनफूट लाकूड घ्यावे. सागाचा तयार बाक सुमारे १२ किलो भरतो, म्हणजे एका माणसाला उचलता येतो.

आता क्रम. प्रथम चारही पाय एकत्र शिकंज्यात धरून सांध्यांच्या खुणा एकाच वेळी आखाव्यात. वेगवेगळ्या आखलेल्या खुणांत मिलिमीटरचा फरक पडतो आणि बाक डुलतो. खालच्या आखूड पट्टीची वरची कड जमिनीपासून ८ सेंटीमीटरवर आणि मधल्या पट्टीची २२ सेंटीमीटरवर येईल. मागील आधारपट्टी २४ ते २८ सेंटीमीटरच्या दरम्यान बसेल. ती बाकाला लांबीच्या दिशेने हलू देत नाही आणि चपला मागे पडण्यापासूनही रोखते. खोबण्या आधी कोराव्यात आणि कुसवे नंतर त्यांच्या मापाने कापावीत, कारण कुसू तासून बारीक करता येते, खोबणी मात्र लहान करता येत नाही.

वरच्या टोकाला लांब आणि आखूड पट्टीची कुसवे पायाच्या आत एकमेकांना भिडतात. म्हणून त्यांची टोके ४५ अंशांत कापावीत. शिवाय या कुसवांची वरची १ सेंटीमीटर रुंदी कापून टाकावी, म्हणजे खोबणी पायाच्या माथ्यापर्यंत उघडी राहत नाही आणि पाय फाटत नाही.

सरस लावण्यापूर्वी सारा सांगाडा एकदा कोरडाच जुळवून पाहावा. सागावर तेलकटपणा असतो, म्हणून सांध्याचे पृष्ठभाग थिनरने पुसून, ते वाळताच पांढरा सरस लावावा. आधी दोन्ही टोकांच्या चौकटी जोडाव्यात. त्या वाळल्यावर लांब पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडाव्यात. शिकंजे आवळल्यावर सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच कोपरे काटकोनात आहेत. फरक असेल, तर सरस ओला असतानाच शिकंजा तिरपा करून तो काढावा.

शेवटी पट्ट्या आणि फळ्या बसवाव्यात. पुढच्या-मागच्या पायांत २४ सेंटीमीटर जागा आहे. प्रत्येक कप्प्यात तीन पट्ट्या, त्यांच्यात २ सेंटीमीटरच्या फटी आणि दोन्ही कडांना १ सेंटीमीटर मोकळी जागा सोडावी. बैठकीच्या तीन फळ्यांत १ सेंटीमीटरच्या दोन फटी ठेवाव्यात. १० सेंटीमीटर रुंदीची फळी वर्षभरात मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलेल, ते या फटीत सहज सामावते. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे लोखंड ओल्या सागात काळा डाग पाडते. खालच्या कप्प्यात १२ सेंटीमीटर उंची मिळते, ती चपलांसाठी. वरच्यात समोरून १३ सेंटीमीटर मिळते, ती बुटांसाठी. पायांच्या तळाला पातळ रबराचे तुकडे लावावेत, म्हणजे लादीवरील पाणी लाकडात चढत नाही.

पॉलिश

पृष्ठभाग रंध्याने साफ केल्यावर १२० आणि मग २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावा. आडवे घासल्यास पडणारे ओरखडे पॉलिश लागल्यावरच दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो. सर्व कडा किंचित गोल कराव्यात. टोकदार कड मुलांना लागते आणि तिच्यावरचे पॉलिशही प्रथम झिजते.

लाखेपासून केलेले फ्रेंच पॉलिश सागावर सुंदर दिसते, त्याची दुरुस्तीही सोपी असते. पण पाण्याने आणि गरम भांड्याने त्यावर पांढरे डाग पडतात. पुस्तकांच्या मांडणीला ते योग्य, चपलांच्या बाकाला नव्हे. बाकासाठी पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात द्यावेत किंवा उकळलेले जवसाचे तेल लावावे. तेल लावून पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यावे आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा हे करावे. वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक हात दिला की पुरते. कोणतेही पॉलिश असो, फळीच्या वरच्या बाजूइतकेच खालच्या बाजूलाही लावावे. एका बाजूने ओलावा शिरला आणि दुसरीने नाही, तर फळी वाकते.

काळजी कशाची घ्यावी

जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात साचलेल्या उष्णतेने कापड आपोआप पेटते. बोळे मोकळ्या जागेत पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

लाकडाच्या बारीक भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. घासकाम बाल्कनीत किंवा अंगणात, नाकावर चांगला मास्क लावून करावे. भुसा झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपावा.

उंच आणि उथळ मांडणी भिंतीला दोन ठिकाणी पक्की केल्याशिवाय वापरात आणू नये. ड्रॉवर बाहेर ओढला किंवा मूल खालच्या फळीवर चढले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि भरलेली मांडणी मुलाच्या अंगावर येते. घर भाड्याचे असले तरी भिंतीतील दोन छिद्रे बुजवता येतात. जड वस्तू नेहमी खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.

सुताराकडून करून घेताना

स्वतः काम करण्यास वेळ नसला, तरी आखणी स्वतः करता येते. वस्तूंची मापे, भागांची यादी आणि समोरून, बाजूने व वरून अशी तीन रेखाचित्रे हाती असली की सुताराशी बोलणे नेमके होते. लाकूड कोणते, सांधे कुसवाचे की खिळ्यांचे, आतील आणि मागील बाजूंना पॉलिश होणार की नाही, हे आधीच ठरवावे. कुसवाच्या सांध्याला वेळ अधिक लागतो, म्हणून मजुरीही अधिक पडते. ती देण्यास का-कू करू नये. खिळ्यांवर उभारलेल्या बाकाची दुरुस्ती दर दोन वर्षांनी करावी लागते, तर नीट बसलेले कुसू पिढी ओलांडते. हे काम जाणणारे हात आता कमी होत आहेत आणि जे आहेत त्यांनाही बहुतेक घरांतून प्लायवूडवर सनमायका चिकटवण्याचेच काम मिळते. हाताचे काम मागणारे गिऱ्हाईक असेल, तरच ते कसब पुढच्या पिढीकडे जाईल.

पहिल्या वस्तूत सांधा कोठे सैल राहील, कोठे रेघ चुकेल. तरीही घरातील एका ढिगाला जागा मिळेल आणि पुढची वस्तू कोणती करावी हे दाराशी, ओट्याशी किंवा पुस्तकांपाशी उभे राहून पाहिले की समजेल. सुरुवात एकाच वस्तूने करावी आणि ती महिनाभर वापरून पाहूनच दुसरीची मापे घ्यावीत.